पन्नासावा प्रेक्षक

आमच्या क्लबाच्या शनिवारच्या सामन्याला त्रेसष्ट माणसं येतात. गेली सहा वर्षं हा आकडा हललेला नाही. मध्ये एकदा चौसष्ट भरले होते, तेव्हा अध्यक्षांनी लगेच कार्यकारिणीत अभिनंदनाचा ठराव आणला. नंतर कळलं की चौसष्टावा माणूस पाऊस चुकवायला छपराखाली शिरला होता आणि बस आल्यावर निघून गेला. ठराव तसाच आहे. तो मागे घ्यायची तरतूद घटनेत नाही.

क्लब तिसऱ्या श्रेणीच्या क गटात खेळतो. त्याच्या खाली गटच नसल्यामुळे आम्ही निर्धास्त असतो. मी या क्लबाचा मानद सचिव, धंद्यानं शिंपी. सचिवपद माझ्याकडे आलं त्याचं कारण एवढंच की माझ्या दुकानातलं कापायचं टेबल मोठं आहे आणि त्याभोवती नऊ माणसं बसतात. संघाच्या जर्स्या मी शिवतो, पाठीवरचे आकडे मी लावतो आणि लीग कार्यालयाच्या पत्रांना उत्तरंही मीच देतो. तिन्ही कामांत माप चुकलं की लोक तोंडावर बोलतात.

आता गोलकीपर. गोलकीपर माझा मुलगा आहे. वय एकतीस, उंची पाच फूट अकरा, छाती अडतीस. चार वर्षांपूर्वी त्यानं दुकानात बसायला नकार दिला आणि रेडीमेड कपड्यांच्या दुकानात नोकरी धरली. शिंप्याच्या मुलानं रेडीमेड विकायचे. मी काही बोललो, तो काही बोलला, मग त्यानं शहराच्या दुसऱ्या टोकाला बिऱ्हाड केलं आणि आमचं बोलणं बंद झालं. बंद म्हणजे आठवड्यातले सहा दिवस. शनिवारी मी गोलच्या मागे दोरीला गुडघे टेकून उभा राहतो आणि सांगतो, "डावीकडे सरक." तो वळून बघत नाही, पण सरकतो.

घरी गेलो की ही दारातच विचारते, "काय म्हणाला?"

"काही नाही. सरकला."

"किती?"

"दोन पावलं."

मग ती चहा टाकते. दोन पावलं म्हणजे आमच्या घरात चांगला आठवडा. ती स्वतः मैदानावर येत नाही, मुलाच्या अंगावर कुणी धावून आलेलं तिला बघवत नाही. तिला आणि त्याला दोघांनाही ठाऊक नसलेली एक गोष्ट इथं सांगून टाकतो. त्याच्या जर्सीच्या कोपरांना मी आतून दुहेरी कापड लावतो. बाकी दहा जणांना एकेरी.

तर सांगायचा मुद्दा, आमचे प्रेक्षक. त्रेसष्टांपैकी बासष्ट खेळाडूंचे नातेवाईक. उरलेला एक घड्याळजी. त्याचं दुकान मैदानासमोर आहे, शनिवारी दुपारी तो ते बंद करतो आणि डोळ्याला लावायचं भिंग खिशात टाकून छपराखालच्या बाकावर येऊन बसतो. बाकीचे बासष्ट सामना बघायला येतात असं म्हणवत नाही. घरात सकाळी अर्धवट राहिलेलं बोलणं पुरं करायला ते येतात. शाळेतल्या निवृत्त बाई आपल्या लेफ्ट बॅक मुलाला उद्देशून पहिल्या मिनिटापासून "स्वेटर कुठाय?" असं विचारत असतात. अध्यक्षांची मुलगी म्हणजे आमच्या स्ट्रायकरची बायको. तिनं एकदा ऐन मोक्याला विचारलं, "निघताना नळ बंद केलास का?" तो बॉल घेऊन एकटा गोलसमोर होता. थांबला, विचारात पडला, आणि बॉल गेला. नळ खरंच चालू होता, त्यामुळे तिला कुणी काही बोलू शकलं नाही.

असं आमचं सुरळीत चाललं होतं. मग लीग कार्यालयातलं कुणीतरी 'प्रेक्षकवर्तन' या विषयावरच्या शिबिराला जाऊन आलं.

पुढच्याच शनिवारी निरीक्षक हजर. करड्या रंगाचा कोट, तोही रेडीमेड, खांद्यात अर्धा इंच सैल. हातात मोजणीचं छोटं यंत्र, अंगठ्यानं दाबलं की टिक वाजायचं. सामन्याकडे त्यांनी पाठ केली आणि एकेका माणसापुढे जाऊन उभे राहिले.

"आपण कुणासाठी आलात?"

"तीन नंबर माझा मुलगा," बाई म्हणाल्या. "त्याला सांगा, गळ्याशी बटण लाव."

यंत्र वाजलं नाही. निरीक्षक पुढे सरकले. असे सगळे फिरून ते माझ्याकडे आले, मीही सांगितलं, एक नंबर माझा. शेवटी ते घड्याळजीपाशी पोचले.

"आपलं कोण खेळतंय?"

"कुणी नाही."

"मग आलात कशाला?"

घड्याळजी जरा गोंधळला. त्याला हे कुणी कधी विचारलं नव्हतं. "मॅच आहे ना," तो म्हणाला.

टिक.

बुधवारी पत्र आलं. मी ते टेबलावर पसरून दोनदा वाचलं. उपस्थित व्यक्ती: त्रेसष्ट. पैकी प्रेक्षक: एक. उर्वरित बासष्ट इसम हे नियमावलीच्या अर्थानं प्रेक्षक नसून 'भेटीस आलेले' आहेत, सबब त्यांचं वर्तन चांगलं की वाईट हे ठरवताच येत नाही, आणि ज्या क्लबाच्या प्रेक्षकांचं वर्तन ठरवता येत नाही त्या क्लबाला नोंदणी ठेवता येत नाही. तीन सामन्यांत किमान पन्नास अस्सल प्रेक्षक दाखवावेत. न दाखवल्यास नोंदणी रद्द समजावी, आणि मैदान कचऱ्याच्या गाड्या उभ्या करण्यासाठी नगरपालिकेकडे जाईल.

संध्याकाळी कार्यकारिणी टेबलाभोवती बसली. अध्यक्ष बेकरीवाले आहेत, त्यांच्या बाह्यांना कायम पीठ असतं, त्यामुळे मी त्यांना कापडापासून लांब बसवतो.

"या शहरात कुणाचं कुणी नाही अशी पन्नास माणसं आहेत का?" त्यांनी विचारलं.

आम्ही मोजायला बसलो. घड्याळजी धरून चार निघाली. त्यांतला एक अंथरुणाला खिळलेला होता, आणि दोघांचं एकमेकांशी लग्न ठरत होतं.

मला मैदानाची फिकीर नव्हती असं नाही, पण डोक्यात एकच चाललं होतं. क्लब बंद झाला तर शनिवार जाणार. शनिवार गेला तर मी कुणाला काय सांगायचं, आणि घरी जाऊन हिला काय सांगायचं?

पहिला उपाय अध्यक्षांनीच काढला. शेजारच्या शहरातल्या क्लबालाही हेच पत्र आलं होतं. तेव्हा त्यांचे नातेवाईक आमच्या सामन्याला बसवायचे आणि आमचे त्यांच्याकडे पाठवायचे. दोन्हीकडे सगळे परके. कागदावर हे इतकं सुबक बसलं की मी स्वतः त्याची शिफारस लिहिली.

शनिवारी, मला नंतर कळलं त्याप्रमाणे, दोन बस भरून पाहुणे आले. दवाखान्यात नंबर लावून बसावं तसे बसले. कुणी ओरडलं नाही. चांगला पास झाला की दोन्ही संघांसाठी टाळ्या वाजवल्या. आमच्या खेळाडूंना हे सोसेना. स्ट्रायकर तर चारदा मागे वळून कुणी काही विचारतंय का ते बघून गेला. आणि मी तिकडे परक्या शहरात एका परक्या गोलकीपरच्या मागे उभा. तो भलतीकडे उभा राहत होता. मी सवयीनं म्हटलं, "डावीकडे सरक." त्यानं वळून बघितलं आणि म्हणाला, "तुम्ही कोण?"

बुधवारचं पत्र: उसने आणलेले प्रेक्षक ग्राह्य धरता येत नाहीत. संख्या: एक. मात्र कार्यालयाला क्लबाच्या अडचणीची जाणीव आहे, सबब सोबत नमुना सात-अ जोडला आहे.

नमुना सात-अ हा एका पानाचा फॉर्म होता. 'मी, खाली सही करणार, असं जाहीर करतो/करते की सामना सुरू होण्याच्या शिट्टीपासून माझं नंबर (रिकामी जागा) या खेळाडूशी असलेलं नातं स्थगित राहील. त्या काळात सदर खेळाडू मला परका असेल आणि मी त्याला परका/परकी असेन.' खाली दोन साक्षीदार.

"यात वाईट काय आहे?" अध्यक्ष म्हणाले. "नव्वद मिनिटांचा तर प्रश्न आहे. आमच्याकडे जेवताना त्याहून जास्त वेळ कुणी कुणाशी बोलत नाही."

बारा जणांनी सही केली नाही. त्यांत सात आज्या होत्या. एकीनं फॉर्म घेतला, भिंतीवरच्या दिव्यापाशी नेऊन नीट वाचला आणि घडी करून डुगडुगणाऱ्या खुर्चीच्या पायाखाली सारला. त्या बाराजणांना घरी बसवलं. उरलेल्या पन्नास जणांनी सह्या केल्या. मीही केली. कॉर्नरच्या झेंड्याजवळ टेबल मांडून निरीक्षक शिक्के मारत होते, आणि रांग शिस्तीत होती. माझा नंबर शेवटचा, कारण सचिवानं आधी पुढे घुसणं बरं दिसत नाही. फॉर्म क्रमांक पन्नास.

पण कागदावर नातं स्थगित केलं म्हणून जीभ कुठली स्थगित होते. पहिल्या दहा मिनिटांत बाईंनी स्वेटरचा विषय काढला. निरीक्षकांनी वहीत लिहिलं: 'नातेदर्शक वर्तन.' सातव्या नंबरच्या आत्यानं त्याला पाण्याची बाटली फेकली. नातेदर्शक वर्तन. कुणीतरी "बाळा" म्हणालं. मी "डावीकडे सरक" म्हटलं. निरीक्षक माझ्याजवळ आले.

"सल्ला दिलात."

"गोलकीपरला सांगितलं हो. कुणीही सांगेल."

"परका माणूस सल्ला देत नाही, साहेब. परका माणूस फक्त मत देतो."

त्या सामन्यापुरते अडतीस फॉर्म बाद झाले. उरलेले बारा आणि घड्याळजी मिळून संख्या तेरा. एकच सामना हातात राहिला.

तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं की आपल्याकडे एक अस्सल प्रेक्षक आहे, त्यालाच शिकवायला सांगू. गुरुवारी सगळे पन्नास जण माझ्या दुकानात दाटीवाटीनं उभे राहिले आणि घड्याळजी टेबलापुढे. बिचाऱ्याला घाम फुटला होता.

"मी काय शिकवणार?" तो म्हणाला. "मी फक्त बघतो."

"बाकीच्या मैदानांवर अनोळखी लोक काय करतात ते सांगा," अध्यक्ष म्हणाले.

"मोठ्या मैदानावर एकदा गेलो होतो. तिथं नाव घेत नाहीत, नंबर घेतात. बरं खेळला तर गप्प बसतात. चुकला की बोलतात." तो थोडा थांबला. "आणि पडला तर नाटक करतोय म्हणतात."

बाईंनी हे सगळं वहीत उतरवून घेतलं. मग सराव झाला. सुरुवातीला लोकांना शब्द सुचेनात. बाई उठल्या, घसा साफ केला आणि म्हणाल्या, "तीन नंबर, तुम्हांला..." घड्याळजीनं हळूच सांगितलं की अहोजाहो करत नाहीत. बाई खाली बसल्या आणि रुमालानं डोळे पुसले. सरावाचा पहिला अर्धा तास असाच गेला.

दुसऱ्या अर्ध्या तासात मात्र गाडी रुळावर आली. अध्यक्षांच्या मुलीनं सहज म्हणून तोंड उघडलं. "नऊ नंबर, तुला समोर आयतं आलेलं तेवढं जमतं. उचलून ठेवायला कायम दुसरं कुणीतरी लागतं." तिनं इकडेतिकडे बघितलं. कुणी तिला गप्प बसवलं नाही, कारण ती फुटबॉलबद्दलच बोलत होती. तिच्या चेहऱ्यावर असं काही समाधान पसरलं की शेजारच्या दोघीतिघींनी लगेच आपापले नंबर आठवायला सुरुवात केली.

तिसऱ्या सामन्याला निरीक्षक नवी वही घेऊन आले. आणि खरं सांगतो, तसा सामना आमच्या मैदानानं कधी बघितला नव्हता. पन्नास माणसं, एकही नाव नाही, नुसते नंबर. "तीन नंबर, तुला वेळेवर मागं परतायला कुणी शिकवलं नाही का?" असं विचारणाऱ्या बाईंनीच त्याला चालायला शिकवलं होतं. अध्यक्षांच्या मुलीनं नऊ नंबरचा आठ वर्षांचा हिशेब अर्ध्या तासात चुकता केला. तो मान खाली घालून ऐकत होता, कारण खेळाडूनं प्रेक्षकांना उलट बोलायचं नाही असा नियम आहे. निरीक्षक तिच्यापाशी बराच वेळ रेंगाळले. वहीत लिहिलं, 'अस्सल', आणि खाली रेघ मारली.

आता माझं. कशाला खोटं बोलू, मलाही मजा आली. चार वर्षं घशात अडकलेलं होतं. "एक नंबर," मी म्हटलं, "तुझ्या अंगात माप नाही. कुणीतरी कापून ठेवलेलं आयतं घालायची सवय तुला." तो नेहमीसारखा पाठमोरा होता. मी लावलेला आकडा माझ्यासमोर होता, एक, काळ्या कापडाचा, दुहेरी शिलाईचा. त्या आकड्याशी बोलणं फार सोपं गेलं. त्याला चेहरा नसतो.

मध्यंतराला निरीक्षक घड्याळजीकडे गेले. त्याचीही औपचारिकता पुरी करायची होती. "या संघाशी तुमचं नातं काय?"

"नातं नाही हो," घड्याळजी म्हणाला. "आपलीच पोरं आहेत."

निरीक्षकांनी पेन बंद केलं. पहिल्या भागात हा गृहस्थ एकालाही नावं ठेवत नव्हता, हे त्यांच्या आधीच लक्षात आलं होतं. शिवाय दोनदा तो पंचाकडे हात जोडताना दिसला होता. 'सदर इसमास संघाविषयी जिव्हाळा आढळला. प्रेक्षक म्हणून अपात्र.' घड्याळजीला दोरीच्या टोकाला, झेंड्याजवळ उभं राहायला सांगितलं. तो निमूट गेला. एक्कावन्नाचे पन्नास झाले. पन्नास लागत होते, पन्नास होते. अध्यक्षांनी लांबूनच माझ्याकडे बोट करून इशारा केला की आता कुणी गडबड करायची नाही.

ब्याऐंशीवं मिनिट. शून्य-शून्य. त्यांचा दहा नंबर उजवीकडून बॉल घेऊन सुटला. मला इथून स्पष्ट दिसत होतं की माझा मुलगा दोन पावलं उजवीकडे जास्त उभा आहे. दोनच पावलं. शब्द माझ्या ओठांवर आला. निरीक्षक माझ्यापासून चार हातांवर, पेन हातात. मी ओठ मिटले.

आणि तेव्हा त्यानं वळून बघितलं. चार वर्षांत पहिल्यांदा. दुसरं काही नाही, नेहमीचा आवाज आला नाही म्हणून बघितलं. एक क्षण तो माझ्याकडे बघत राहिला, वाट बघत. तेवढ्यात दहा नंबर आत घुसला होता. हा उशिरा झेपावला, बॉल अडवला आणि खांद्यासकट खांबावर आदळला. आवाज असा झाला की छपराखालची माणसं उभी राहिली.

तो उठला नाही. पंचानं शिट्टी वाजवून खेळ थांबवला. नियमाप्रमाणे फाटकाशी उभ्या असलेल्या रुग्णवाहिकेतली नर्स धावत आत गेली, त्याच्यापाशी वाकली आणि मग तिनं मान वर करून विचारलं, "याच्याबरोबर दवाखान्यात यायला याचं कोण आहे?"

मैदानावर कुणी हललं नाही. खरं उत्तर असं होतं की त्याचं कुणी नव्हतं. शिक्का मारलेला कागद होता.

मी पाय उचलला. दोरी गुडघ्याएवढी उंच आहे, ओलांडायला काही लागत नाही. एक पाय पलीकडे पडला. मागे टिक असा आवाज झाला नाही, पण अंगठा यंत्रावर गेलेला मला न बघताच कळला. "साहेब," निरीक्षक अगदी सभ्यपणे म्हणाले, "दोरीवर उभा असलेला माणूस नियमाप्रमाणे अर्धा धरतात. साडेएकोणपन्नास. पुढे काय लिहू तेवढं सांगा."

मी वर बघितलं. एकोणपन्नास माणसं माझ्याकडे बघत होती. बाई बघत होत्या, अध्यक्ष बघत होते. कुणी जा म्हणालं नाही, कुणी थांब म्हणालं नाही. माझ्या डोक्यात काय आलं तेही सांगतो, त्याची मला लाज वाटते. मी म्हटलं, आज आत गेलो तर क्लब जाईल, क्लब गेला तर शनिवार जाईल, आणि शनिवार गेला तर मुलाशी बोलायचं कुठे? मुलाशी बोलता यावं म्हणून मी पाय मागे घेतला.

एवढ्यावर थांबलो असतो तरी बरं. पण निरीक्षकांचं पेन अजून उघडंच होतं, आणि गुरुवारी शिकलेलं तोंडातून गेलं.

"एक नंबर," मी ओरडलो, "नाटक पुरे. ऊठ."

टिक.

दोरी ओलांडून आत गेला तो घड्याळजी. त्याला काही गमवायचं उरलं नव्हतं, मध्यंतरालाच तो बाद झाला होता. त्यानं स्ट्रेचरची एक बाजू धरली, रुग्णवाहिकेत चढला आणि दार बंद झालं. सामना शून्य-शून्य सुटला. अध्यक्षांनी मला मिठी मारली, माझ्या कोटाला पीठ लागलं.

घरी पोचलो तेव्हा ही दारात नव्हती. तिला शेजारणीनं आधीच कळवलं होतं आणि ती परस्पर दवाखान्यात गेली होती. तिनं कुठल्याच फॉर्मवर सही केलेली नव्हती, त्यामुळे ती अजून आईच होती. गळ्यालगतचं हाड मोडलं होतं. सहा आठवडे. परत आल्यावर ती एवढंच म्हणाली की दवाखान्याच्या कागदावर घड्याळजीनं सही केलीय, आणि 'रुग्णाशी नातं' या रकान्यात लिहिलंय, 'प्रेक्षक.' मग आत जाऊन झोपली. मी कोटाचं पीठ झटकत बसलो.

बुधवारी पत्र आलं. प्रेक्षकसंख्या: पन्नास. प्रेक्षकवर्तन: उत्कृष्ट. फॉर्म क्रमांक पन्नासचा विशेष उल्लेख, 'कठीण प्रसंगी अनुकरणीय परकेपणा.' अध्यक्षांनी ते चौकटीत लावून बेकरीत टांगलं आहे.

सोबत नमुना सात-ब होता, नातं पूर्ववत करण्याचा. सात-अ मध्ये नातं कधीपासून स्थगित होतं ते लिहिलं होतं, कधीपर्यंत ते कुणी वाचलंच नव्हतं, कारण ते लिहिलेलंच नव्हतं. सात-ब वर समोरच्या पक्षाची संमती लागते. तीन नंबरनं बाईंच्या फॉर्मवर त्याच संध्याकाळी सही केली, फक्त स्वेटरचा विषय वगळून. नऊ नंबरनं विचार करायला मुदत मागितली आहे. माझा फॉर्म मी हिच्या हाती मुलाकडे पाठवला.

फॉर्म परत आला नाही. त्याऐवजी कागदात गुंडाळलेली जर्सी आली. दवाखान्यात काढताना ती समोरून उभी कापली होती. चिठ्ठी नव्हती. डावा कोपर उलटा करून ठेवलेला होता, आतलं दुहेरी कापड वर दिसेल असा. ज्या दुकानात तो काम करतो तिथं नव्या जर्स्यांचे गठ्ठे पडलेले असतात. त्यानं ही शिवायला पाठवली. का पाठवली ते विचारायची मला परवानगी नाही, मी त्याला परका आहे. बाह्या, पाठ, आकडा, सगळं शाबूत होतं. समोरची शिवण मी घातली, दिसते ती. हल्ली ही दारात विचारत नाही, काय म्हणाला म्हणून.

आता कामाचं बोलतो. सहा आठवडे भरत आलेत, पुढच्या शनिवारी मुलगा परत गोलमध्ये उभा राहणार आहे. मला माझा फॉर्म मागे घ्यायचा आहे, त्याची सही मिळो वा न मिळो. मी पुन्हा नुसता बाप होऊन त्याला डावीकडे सरकायला सांगणार आहे. पण मी हटलो की एकोणपन्नास उरतात आणि कचऱ्याच्या गाड्या फाटकाशी येतात. माझ्या जागी एक अस्सल परका माणूस हवा.

मी निरीक्षकांना तुमचं नाव सुचवलं आहे. त्यांनी विचारलं, पात्रता काय? मी सांगितलं, या माणसानं माझ्या मुलाला खांबावर आदळताना बघितलं, मी पाय मागे घेतला तो बघितला, मी ओरडलो ते ऐकलं, आणि जागचं न हलता पुढची ओळ वाचली. मध्ये एकदोनदा हसलाही असेल. निरीक्षक म्हणाले, उत्तम, यायचीसुद्धा गरज नाही. फॉर्म मी भरून ठेवला आहे. नात्याच्या रकान्यात तुम्हांला काही लिहावं लागणार नाही.